डोक्यावरची केबिन

पॅरिसमधल्या बड्या घरच्या बायका दरवर्षी दानधर्मासाठी एक बाजार भरवत. १८९७ साली त्यासाठी लाकडी मांडव उभारला होता. वर कापडी छत, आत रंगवलेल्या पडद्यांची जुन्या काळची गल्ली आणि खास आकर्षण म्हणून एका बाजूला सिनेमाचा खेळ. ४ मे रोजी दुपारी प्रोजेक्टरच्या दिव्यातलं ईथर संपत आलं म्हणून ते भरायला घेतलं आणि अंधारात दिसावं म्हणून कुणीतरी काडी ओढली. ईथरची वाफ पेटली, मग छत पेटलं. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची सख्खी बहीणही त्यांत होती.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा पहिला खेळ झाला तो ७ जुलै १८९६ ला, म्हणजे या आगीच्या जेमतेम दहा महिने आधी. सिनेमाचं वय अजून दीड वर्षही नव्हतं आणि प्रोजेक्टरनं माणसं मारून दाखवली होती. त्यातही फिल्मचा दोष नव्हता, दोष दिव्याचा होता. फिल्मची पाळी नंतर आली. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. जळायला लागणारा प्राणवायू तिच्या रसायनातच असल्यामुळे एकदा पेटली की ती पाण्याखालीसुद्धा जळत राहते. अशी शेकडो फुटांची रिळं तापलेल्या दिव्याशेजारून सरकवायची, हा तेव्हाचा धंदा होता.

ब्रिटनमध्ये १९०९ साली कायदा झाला आणि प्रोजेक्टरला प्रेक्षकांपासून वेगळी, आग न पकडणारी खोली सक्तीची झाली. आपल्याकडे १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा सेन्सॉरसाठी लक्षात ठेवला जातो, पण सिनेमागृहाला परवाना देताना सुरक्षितता पाहायची हे त्यानंच घालून दिलं. अशी केबिन उभी राहिली. जाड भिंती, पडद्याकडं उघडणाऱ्या एक-दोन खिडक्या, आग लागलीच तर धाडकन खाली पडणाऱ्या लोखंडी झडपा आणि आत परवान्याचा ऑपरेटर. कोडॅकनं १९५१ मध्ये नायट्रेट फिल्म बनवणं थांबवलं, तरी केबिन राहिली, कारण कार्बन आर्क दिव्यांचा धूर आणि ताप होताच. त्यानंतर आलेले झेनॉन दिवे तर थंड असतानाही आतल्या दाबामुळं फुटू शकतात. ते बदलताना तंत्रज्ञ चेहऱ्यावर जाळी आणि हातात जाड मोजे घालतो. नायट्रेटचं भूतही लगेच उतरलं नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा ठेवा गेला. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये फिरणाऱ्या तंबू टॉकीजनीही केबिन सोडली नाही. ट्रकच्या हौद्यात प्रोजेक्टर, तंबूत प्रेक्षक, असा तो थाट ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात पाहायला मिळतो.

हा इतिहास उगाळायचं कारण असं, की आज घराघरांत जो होम थिएटर प्रोजेक्टर येतोय तो केबिनशिवाय येतोय. आग, ताप, आवाज, डोळ्यांत जाणारा झोत, मशीनची पक्की जागा आणि त्याच्याजवळ बसणारा जाणता माणूस हे सगळं केबिन सांभाळत होती. आता ते मशीन आपल्या सोफ्याच्या वर लटकतं आणि ऑपरेटरच्या जागी रिमोट घेतलेला आपला दहा वर्षांचा मुलगा असतो. दुकानदार मात्र बोलतो फक्त ल्युमेनबद्दल, म्हणजे उजेडाच्या मापाबद्दल.

तर आधी ल्युमेनच घेऊ, कारण फसवणूक तिथंच जास्त होते. १०० इंची पडदा म्हणजे २.२१ मीटर रुंद, १.२५ मीटर उंच. क्षेत्रफळ सुमारे पावणेतीन चौरस मीटर. थिएटरातल्या डिजिटल सिनेमाचं मानक सांगतं, की पडद्यावरचा पांढरा रंग दर चौरस मीटरला ४८ कँडेला इतका उजळ हवा. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर तेवढी उजळी आणायला आपल्या १०० इंचांसाठी लागतात सुमारे ४२० ल्युमेन. फक्त ४२०! मग दीड-दोन हजारांचा का घ्यायचा? कारण खोक्यावरचा आकडा सगळ्यात भडक मोडमधला असतो, ज्यात चेहरे हिरवट दिसतात. रंग नीट दिसणारा सिनेमा मोड लावला की उजेड बऱ्यापैकी घटतो, कधीकधी निम्मा. शिवाय दिव्याचं आयुष्य ४,००० तास असं लिहिलेलं असतं तेव्हा तेवढ्या तासांनी उजेड निम्म्यावर येतो, असाच त्याचा बहुधा अर्थ असतो. म्हणजे १,६०० चे झाले ८००, पुढं ४००. पूर्ण अंधार करता येणाऱ्या खोलीत १,६०० ते २,००० खरे ल्युमेन पुष्कळ झाले.

‘खरे’ म्हणजे पडद्याचे नऊ चौकोन करून प्रत्येकातला उजेड मोजून, त्याच्या सरासरीला पडद्याच्या क्षेत्रफळानं गुणून काढलेला आकडा, ज्याला आन्सी ल्युमेन म्हणतात. पाच-सहा हजार रुपयांच्या प्रोजेक्टरवर ‘२०,००० ल्युमेन’ छापलेलं असतं त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तपासायची सोपी युक्ती म्हणजे मागच्या लेबलवरचे वॅट पाहा. चांगल्यातला चांगला एलईडीसुद्धा दर वॅटला दोनशेच्या आसपास ल्युमेन देतो. त्या हिशेबानं ६० वॅटच्या यंत्रातला सगळा उजेड भिंगातून जसाच्या तसा बाहेर पडला तरी आकडा १२,००० वर थांबेल, आणि प्रत्यक्षात बराचसा उजेड आतच जिरतो.

पण ल्युमेनपेक्षा महत्त्वाचा आहे तो खोलीतला अंधार, आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. जिथं काळं दाखवायचंय तिथं तो उजेड टाकायचा थांबतो, एवढंच; मग पडदा जितका उजळ दिसतो तितका तुमचा काळा. समजा हॉलमधल्या ट्यूबचा १०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १०० ल्युमेन, उजेड पडद्यावर पडतोय. १,५०० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्याच पडद्यावर सुमारे ५४० लक्स टाकतो. काळा १०० आणि पांढरा ६४०, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातलं प्रमाण साडेसहाला एक. दुप्पट पैसे देऊन ३,००० ल्युमेनचा आणलात तर बाराला एक. आणि नुसती ट्यूब बंद करून, जाड पडदे ओढून भरकटलेला उजेड दोन लक्सवर आणलात तर त्या जुन्याच प्रोजेक्टरवर अडीचशेच्या वर जातं. माझं सरळ मत आहे, की पैसे उरले तर ते मोठ्या मशीनपेक्षा खिडकीच्या पडद्यांवर आणि पडद्यासमोरच्या भिंतीच्या गडद मॅट रंगावर घालावेत. चमकदार पांढरं पीओपीचं छत तर सगळा उजेड परत पडद्यावरच फेकतं.

जागेचं गणित एका गुणोत्तरावर चालतं. प्रोजेक्टरचं पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, हे थ्रो रेशो. १.२ असेल तर १०० इंचांसाठी २.६५ मीटर अंतर हवं, १.५ असेल तर ३.३ मीटर. दहा बाय पंधरा फुटांच्या हॉलमध्ये आडव्या बाजूनं लावायचा तर मशीनची स्वतःची लांबी आणि मागं वायरीला लागणारी वीत धरून २.६५ मीटर कसेबसे निघतात. पाव रेशोचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो असेल तर अर्ध्या मीटरवरून काम भागतं, पण त्याला भिंत आरशासारखी सपाट लागते. प्लास्टरचा जराही फुगवटा चित्रात लाट होऊन दिसतो. बसायचं कुठं? १०० इंचांसाठी साधारण तीन ते चार मीटरवर. त्याहून लांब बसलात तर तो मोठा टीव्हीच.

टांगायचं काम मिस्त्रीवर सोडताना समोर उभं राहावं. प्रोजेक्टर तीन-चार किलोचा असतो म्हणून मिस्त्री फॉल्स सीलिंगच्या जिप्समलाच स्क्रू मारून मोकळा होतो. ते चालत नाही. जिप्सम कापून वरच्या स्लॅबमध्ये हॅमर ड्रिलनं भोक पाडायचं, धूळ फुंकून काढायची, अँकर फास्टनर ठोकून नट आवळायचा आणि माउंटचा पाइप थेट स्लॅबला धरायचा. शिवाय एक बारीक स्टीलची तार वेगळ्या फास्टनरला अडकवून मशीनला बांधायची, म्हणजे एखादा स्क्रू ढिला झाला तरी मशीन कुणाच्या डोक्यावर येत नाही. आपल्या घरांतली खास अडचण म्हणजे मधोमध फिरणारा पंखा. झोत पात्यांमधून गेला तर चित्र लुकलुकतं हे लगेच कळतं. पण पंख्याच्या हुकाजवळ माउंट बसवलं तर पंख्याची थरथर स्लॅबमधून मशीनला पोचते आणि अक्षरं अस्पष्ट का दिसतात ते कळता कळत नाही. माउंट हुकापासून लांब घ्यावं.

मशीन तिरकं बसलं की मिस्त्री रिमोटवरचं कीस्टोन दाबून चित्र चौकोनी करून दाखवतो. त्याला हो म्हणू नये. फुल एचडी म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. कीस्टोन त्यातले काही ठिपके काळे करून उरलेल्यांत चित्र दाबून बसवतं. पैसे दिलेले ठिपके असे घालवण्यापेक्षा माउंट दोन इंच सरकवावं, किंवा मुळात लेन्स शिफ्ट असलेलं मॉडेल घ्यावं. त्यात भिंगच सरकतं, ठिपके शाबूत राहतात. थिएटरातल्या केबिनची खिडकी पडद्याच्या मध्याशी जुळवायचा आटापिटा चित्र तिरकं पडू नये यासाठीच असे.

आता ताप. दिव्याचा प्रोजेक्टर अडीचशे-तीनशे वॅट खातो आणि त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. आतला पाऱ्याचा दिवा वाटाण्याएवढा, त्यातली ठिणगी मिलिमीटरभर लांब, पण पेटल्यावर आतला दाब हवेच्या दोनशे पट. त्यामुळं मशीनच्या आतल्या पंख्याचा श्वास कोंडता कामा नये. टीव्ही युनिटच्या बंद खणात प्रोजेक्टर ठेवू नये, गरम हवा निघते त्या बाजूला किमान फूटभर मोकळं सोडावं, आणि खेळ संपल्या संपल्या धूळ नको म्हणून वर कापड टाकू नये. पंखा थांबेपर्यंत बटणही बंद करायचं नाही. वीज जाते तेव्हा नेमकं हेच घडतं: दिवा धगधगता आणि पंखा ठप्प. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पूर्ण सिनेमा चालवणार नाही, पण नीट बंद करून दिवा निवेपर्यंतची दोन-तीन मिनिटं देतो, आणि तेवढीच हवी असतात. प्लग तीन पिनांचा, अर्थिंग असलेल्या बोर्डात. तिसरी पिन कापून जुन्या बोर्डात खुपसण्याचा उद्योग छताला लटकणाऱ्या धातूच्या माउंटशी तरी करू नये.

दिवा फुटतो तेव्हा फटाक्यासारखा आवाज होतो आणि पाऱ्याची वाफ बाहेर येऊ शकते. मुख्य स्विच आणि एसी बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, मुलांना घेऊन खोलीबाहेर जायचं. व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, तो पारा घरभर उडवतो. फुटण्यामागं बऱ्याचदा दोन कारणं सापडतात. एक म्हणजे मुदत संपल्याची सूचना रिमोटवरून पुसत राहणं, आणि दुसरं म्हणजे स्वस्तातला डुप्लिकेट दिवा. बदलताना तासभर थंड होऊ द्यावा आणि काचेला बोट लावू नये. बोटाचं तेल तापून तिथंच काच कमजोर होते.

लेझरच्या मशीनमध्ये हा पारा नसतो, आयुष्यही वीस हजार तासांचं सांगतात, म्हणजे रोज दोन तास धरले तर सत्तावीस वर्षं. तोवर आतलं सर्किट टिकेल का, हा वेगळा प्रश्न. पण तिथं जपायचे ते डोळे. प्रोजेक्टरच्या झोतासाठी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि मशीनवर ‘आरजी २’ किंवा ‘आरजी ३’ असा गट छापलेला असतो. आरजी २ मध्ये झोताकडं टक लावून पाहायचं नाही. चुकून नजर गेली तर पापणी आपोआप मिटते, तेवढ्यावर निभावतं. आरजी ३ मध्ये पापणीवर भरवसा ठेवता येत नाही. ती मोठ्या सभागृहांची यंत्रं, घरात आणायचं कारणच नाही. मुलांना भिंगासमोर उभं राहून भिंतीवर हाताच्या सावल्यांचे ससे-हरणं करायची हौस असते. करू द्यावीत, पण प्रोजेक्टरकडं पाठ करून. टीव्ही युनिटवर ठेवलेला अल्ट्रा शॉर्ट थ्रो सगळ्यात अवघड, कारण त्याचा झोत वर येतो आणि वाकून ‘आत काय आहे’ बघणाऱ्या पोराच्या थेट डोळ्यांत जातो. यातल्या बऱ्याच मशीनना कुणी जवळ आलं की उजेड मंदावणारा सेन्सर असतो. सेटिंगमध्ये तो बंद तर नाही ना, ते पहिल्याच दिवशी पाहावं.

आवाजाबद्दल थोडक्यात. मशीनच्या आतला स्पीकर विसरा. संवाद पडद्यापासून यायला हवेत, मागून डोक्यावरून नव्हे. एचडीएमआय केबल दहा मीटरच्या वर जाणार असेल तर ऑप्टिकल घ्यावी आणि विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास मशीन चालू ठेवलं तर आतली ओल जाते. एअर फिल्टर महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं झाडावा. देवघर त्याच हॉलमध्ये असेल तर जरा लवकर, कारण धूप-उदबत्तीचा चिकट धूर फिल्टरवर थर धरतो आणि पंखा घरघरायला लागतो. आणि काढलेला जुना दिवा ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकायचा नाही. पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. नवा ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात जुना घालून ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावा.