कच्चं खायचं ठरवलंय? आधी एवढं बघा

‘चूल बंद करा, सगळं कच्चं खा’ असले व्हिडिओ सध्या मोबाइलवर फिरतायत. आपल्याला कच्चं खाणं काही नवं नाही. काकडी, गाजर, मुळा, हरभऱ्याचे घाटे शेतात उभ्या उभ्या खातोच. (हुरडा मात्र भाजलेलाच!) मोड आलेले मूग, कोशिंबीर, फळं जेवणात वाढवली तर चांगलंच. पण नुसत्या कच्च्या भाजीपाल्यावर राहिलं तर बी-१२ मिळत नाही.

राजमा कच्चा अजिबात नको. भिजवून भागत नाही, चांगला उकळावाच लागतो, नाहीतर उलट्या-जुलाब ठरलेले.

खरी गोची फवारणीची. किती दिवसांनी तोडा करायचा ते औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं. आपण ते किती पाळतो, ज्याचं त्याला ठाऊक. आंतरप्रवाही औषध तर धुऊनही पूर्ण जात नाही.

नाल्याच्या पाण्यावरची मेथी-कोथिंबीर कच्ची खाऊ नका, जंतांची अंडी पोटात जातात. पालेभाजी पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्यात धुवा.

शुगरवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. भाकरी एकदम बंद आणि गोळी तेवढीच, असं झालं तर साखर उतरून माणूस चक्कर येऊन पडतो.