खर्जाचा मोह

तंबोऱ्याच्या घोडीवरील जवारीचा दोरा केसभर सरकविला कीं तोच स्वर कसा खुलतो, हें वाचकांस सांगावयास नको. विजेच्या बेस गिटारीच्या स्वरास असें वळण प्रीॲम्प देतो. तारांपासून मिळणारा क्षीण विद्युत्प्रवाह मुख्य ॲम्प्लिफायरकडे जाण्यापूर्वीं हें छोटें यंत्र तो सबळ करतें, आणि त्यांतील खर्ज, मध्य व टीप हे अंश वेगवेगळे चढवितें वा उतरवितें. लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या 'प्रिसिजन बेस'मध्यें टोनच्या कळीनें टिपेचा अंश फक्त कमी करतां येई. १९७६ च्या 'स्टिंगरे'त बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प आंतच बसविलेला होता, त्यामुळें अंश वाढविणेंही शक्य झालें.

मात्र सोय आली कीं मोहही येतो. नवशिका घरीं एकटा वाजवितांना खर्ज भरमसाट चढवितो. तोच मेळांत बसला कीं ड्रमच्या घोषांत नुसती घरघर उरते. सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते. इतका खालचा अंश वाढविण्यांत ॲम्प्लिफायरची बरीच शक्ति खर्ची पडते. स्वर स्पष्ट होतो तो ७०० ते १,००० कंपनांच्या मध्यांशानें. म्हणून खर्ज किंचित् उतरवावा, मध्य थोडा चढवावा, आणि निवाडा मेळांत बसूनच करावा. साथीचा स्वर आपल्या कानास किती भरदार वाटतो, यापेक्षां तो इतरांस किती आधार देतो, हीच त्याची कसोटी!