डब्यातला राणीछाप रुपया

शेंदूरजनाघाटच्या आपल्या बचत गटांच्या बैठकीत सध्या एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, माह्या मोबाईलवर आलं, ट्रॅक्टरवाली पाचाची नोट लाखाले जाते म्हणे. खरं हाय काय?" कोणाजवळ ट्रॅक्टरची नोट असते, कोणाजवळ 786 आकड्याची, कोणाजवळ वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं. आणि पुष्कळ घरांत सासूच्या नाहीतर आईच्या डब्यात लक्ष्मीपूजनाला काढायचे दोन-चार चांदीचे रुपये असतातच. म्हणून आज जुन्या नाण्या-नोटांबद्दल बोलू.

आधी ट्रॅक्टरची नोट. ती एवढी छापली गेली की आजही घरोघरी सापडते. जी वस्तू घरोघरी सापडते तिला लाख रुपये कोण देईल? वैष्णोदेवीचं नाणं 2012 सालचं, तेही भरपूर निघालं. छंद म्हणून जमवणारा माणूस अशा नाण्याला किमतीपेक्षा थोडे जास्त देईल, एवढंच.

मग लाखांचे फोन येतात ते कशाला? आमच्या एका गटातल्या ताईंना असाच फोन आला. नोटेचा फोटो मागितला, सव्वा लाखाला सौदा ठरला. आधी नोंदणीचे साडेनऊशे, मग जीएसटी, मग रक्कम सोडवायचं कमिशन. शेळीसाठी गटातून उचललेल्या कर्जातले साडेअकरा हजार असे गेले. नोट तेवढी घरात राहिली. त्या माणसाने रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागदही पाठवला होता. रिझर्व्ह बँकेने तर 4 ऑगस्ट 2021 रोजीच जाहीर सांगितलं आहे की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात नसते, त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावाने घ्यायचा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही.

आपल्याकडे संत्र्याचा बगीचा घेणारा व्यापारी आपल्याला इसार देतो. आपण त्याला देतो का? नोटेच्या सौद्यातही विकणारीने पैसे भरायचे नसतात. पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जायची आशा जास्त.

आता चांदीचे रुपये. खरी किंमत इथे आहे आणि नेमकी इथेच बायका फसतात. दारावर आलेल्याला स्टीलच्या डब्याच्या बदल्यात राणीछाप रुपया दिल्याचं आम्ही ऐकलं आहे. आपल्या आज्या 'रुपयाभार' म्हणायच्या, ते वजन म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम. 1835 पासून कंपनीचा आणि पुढे राणीछाप, राजाछाप रुपया याच वजनाचा पडत आला. 1939 पर्यंतच्या रुपयात शंभरात जवळपास 92 भाग चांदी आहे. म्हणजे एका रुपयात साडेदहा ग्रॅमहून थोडी जास्त शुद्ध चांदी. हिशोब सोपा आहे. त्या दिवशीचा दहा ग्रॅम चांदीचा भाव विचारा, एक रुपया साधारण तेवढ्याचा. घासून झिजला असेल किंवा सोनाराने आपली कटती धरली तर थोडा कमी.

पण साल बघायलाच पाहिजे. लढाईच्या काळात, 1940 ते 1945, सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. त्या रुपयाला निम्माच भाव येतो, सोनार लबाड म्हणून नाही. 1947 चा रुपया तर निकेलचा, चांदी अजिबात नाही. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. 1947 च्या रुपयावर वाघ आहे.

चांदीपेक्षा जास्त किंमत येते ती थोड्याच नाण्यांना. 1911 सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, गहजब झाला आणि सरकारने ती नाणी परत घेऊन बहुतेक वितळवली. उरली ती जमवणारे शोधत असतात. 1939 चा चांदीचा रुपयाही दुर्मीळ, पण त्याचे नकली फार. असं साल दिसलं तर सोनाराला न देता आधी जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे.

नाण्याची किंमत त्याच्या अंगावरही असते. माळेत ओवायला कडी जोडली, भोक पाडलं, की जमवणाऱ्याच्या लेखी ते गेलं, चांदीचा भाव तेवढा उरला. दिवाळीला चिंच, लिंबू, पितांबरी लावून चकचकीत करण्यानेही तेच होतं. नक्षी झिजते. पूजेला एक साधा रुपया ठेवा आणि तोच घासा. बाकीचे कागदाच्या पाकिटात, कोरडे. जुन्या नोटांची घडी घालू नका, लॅमिनेशन करू नका, पिन टोचू नका.

तांब्याच्या शिवराईबद्दलही विचारतात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांच्या नंतरही ती कितीतरी वर्षं पडत राहिली, त्यामुळे साधी शिवराई दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे तो सोन्याचा होन. आपल्याच जिल्ह्यात अचलपूरला, तेव्हाच्या एलिचपूरला, मोगलांच्या आणि पुढे निजामाच्या काळात टांकसाळ होती, तेव्हा फारसी अक्षरांचं नाणं घरात निघालं तर फेकू नका. मात्र 1818 साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव घातलेलं राम-सीता किंवा हनुमानाचं नाणं कोणी दाखवलं, 'तांदूळ ओढतं' म्हणालं, तर दार लावून घ्या. असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही.

वावरात नांगरताना किंवा विहीर खोदताना मडकं लागलं तर ते गुपचूप विकायचं नसतं. 1878 चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे आणि सापडणाऱ्याचा वाटाही जातो. कळवलं तर तो हक्क कायदा मान्य करतो.

बंद पडलेल्या नोटांचंही सांगून ठेवतो. 2016 च्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा, दोन्ही मिळून, दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीस. जास्त सापडल्या तर दंड आहे. सासूबाईंच्या डाळीच्या डब्यात एखादी गड्डी राहिली असेल तर मोजून घ्या. चार आणे 30 जून 2011 पासून बंद आहेत, आठ आणे मात्र आजही चालतात, दुकानदार काहीही म्हणो.

काही जणी विचारतात, गटाची बचत जुन्या नाण्यांत गुंतवायची का? आमचं मत नाही असंच आहे. नाणं व्याज देत नाही. लेकीच्या दवाखान्याला आज पैसे पाहिजे असले तर दुर्मीळ नाण्याचं गिऱ्हाईक आज मिळत नाही. लिलावात कमिशन कापतात, आणि खरं-खोटं ओळखायला वर्षानुवर्षं नजर तयार व्हावी लागते. छंद म्हणून स्वतःच्या पैशातून जमवायचं तर खुशाल जमवा, लेकरांना इतिहास कळतो. गटाचा पैसा मात्र सगळ्यांचा आहे.

विकायची वेळ आलीच तर सालाप्रमाणे वेगळे करा, दोन सोनारांना विचारा, वजन डोळ्यांसमोर करायला लावा आणि पावती घ्या. घरधन्याला किंवा लेकाला पाठवू नका, स्वतः जा. ज्यांना साल वाचता येत नाही त्यांनी महिन्याच्या बैठकीला रुपये घेऊन या. भिंग, लोहचुंबक आणि छोटा काटा आमच्याजवळ आहे.