मागून श्वास घेणारा शिकारी

पवनारला धाम नदीच्या पात्रात दगडच दगड आहेत. काळे, पावसाळा सरला की पाण्याबाहेर पाठ काढून बसलेले. विनोबा १९३८ साली इथे राहायला आले, १९४८ साली गांधीजींच्या अस्थी इथेच विसर्जित झाल्या. त्यामुळे मोठी माणसं आश्रम बघतात, पात्रातल्या स्मारकाकडे बोट दाखवतात, फोटो काढतात आणि निघतात. आपण मात्र काठालगतचा एखादा ओला दगड हळूच उलटवू. (घरचं मोठं कुणी सोबत हवं, डोहाकडे जायचं नाही!)

दगडाच्या पोटाला मातकट, सहा पायांचा, बटबटीत डोळ्यांचा किडा चिकटलेला दिसला तर तो बहुतेक चतुराचं पिल्लू. हो, तुम्ही ज्याला हेलिकॉप्टर म्हणता तोच चतुर! त्याचं बालपण पाण्याखाली जातं. आणि श्वास कुठून घेतो माहितेय? मागून! त्याचे कल्ले पोटाच्या मागच्या टोकात, आतल्या बाजूला असतात. पाणी आत ओढायचं, प्राणवायू घ्यायचा, पाणी बाहेर सोडायचं. कुणी खायला आलं, की तेच पाणी जोरात मागे फेकून रॉकेटसारखं सुर्रकन पुढे सटकायचं. खालचा ओठ तर हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला असतो. डासाची अळी जवळ आली की घडी उलगडते, चिमटा बसतो, गट्टम!

या शिकाऱ्याला दगड, गाळ, कुजकी पानं, काठचं गवत लागतं. आणि आपण शहरातल्या नाल्याचं काय करतो? सरळ करतो, दोन्हीकडे भिंती, तळालाही काँक्रीट. चतुराला लपायला जागा उरत नाही. डासांना मात्र साचलेलं एखादं डबकं पुरतं. म्हणजे शिकारी गेला, शिकार मजेत!

पुराचंही तसंच. गुळगुळीत नाल्यात पाणी कुठे अडखळत नाही, धावत सुटतं आणि खालच्या वस्तीवर एकदम आदळतं. वळणं, लव्हाळा, उंबर-करंजाची मुळं त्याचा वेग मोडतात. काठची सखल जमीन जास्तीचं पाणी अंगावर पसरू देते. तिथे घरं असली, तर पाणी घरात. जुलै २०२२ मध्ये वेणा नदीच्या पुराने हिंगणघाटकरांची कशी दैना केली, ते तिथल्या मुलांना विचारा.

सिंगापूरमध्ये कलांग नदीचा असाच २.७ किलोमीटरचा काँक्रीट नाला होता. तो फोडून त्यांनी ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली आणि २०१२ मध्ये भोवतीची बाग खुली केली. एरवी मुलं तिथे पाण्यात खेळतात. धो धो पाऊस आला की भोंगा वाजतो, मुलं वर पळतात आणि बागेचा सखल भाग नदीचा होतो. तिथे आता चक्क पाणमांजरं दिसतात!

आपल्याकडे २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान निघालं, राज्यातल्या ७५ नद्यांसाठी. पवनारचा घाटही सजला आहे. घाट बसायला छान, पण चतुराला विचाराल तर तो म्हणेल, थोडा काठ मातीचाच राहू द्या की!

कारण मोठं झालेलं पिल्लू काठच्या काडीवर चढतं, पाठ उकलते, ओला चतुर बाहेर येतो, पंख सुकवतो आणि उडतो. कात काडीलाच चिकटून राहते. तज्ज्ञ अशा काती शोधून, मोजून नदीची तब्येत ताडतात. तुम्हाला दिसल्या, तर किती होत्या ते वहीत तारखेसह लिहा आणि आम्हाला कळवा.