बंद पडलेल्या रेल्वेलाईनवरून २४० किलोमीटर : अमेरिकेच्या डोंगरातला हा रस्ता सायकलवाल्यांचा कसा झाला?

घाटात सायकल चालवणारी माणसं भेटली की दोन विषय हमखास निघतात. एक चढ आणि दुसरा मागून हॉर्न मारत येणारा ट्रक. ताम्हिणीत पावसाळ्यात धबधब्याकडे बघायला मान वळवली की समोरच्या वळणावरून गाडी अंगावर आलीच म्हणून समजा. डोंगर, जंगल आणि सायकल हे तिन्ही एकत्र हवं असेल तर छाती भरून येणारा चढ आणि ट्रॅफिक सहन करायचंच, असं आपण धरून चाललेलो असतो.

पण अमेरिकेत अॅपलाशियन डोंगररांगेत असा एक रस्ता आहे जिथे या दोन्ही गोष्टी जवळपास नाहीत. नाव आहे ग्रेट अॅलेघेनी पॅसेज. मेरीलँड राज्यातल्या कंबरलँडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत तो जातो. लांबी साधारण २४० किलोमीटर. डांबर कमी, बारीक चुनखडीची दाबून बसवलेली खडी जास्त. मोटारींना बंदी. फक्त सायकली आणि पायी चालणारे.

आता डोंगर असून चढ कसा नाही? कारण हा रस्ता सायकलींसाठी कुणी आखलेलाच नव्हता. तो आखला होता रेल्वेसाठी.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. आपल्या बोरघाटात चढ आहे १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिन जोडावं लागतं. कंबरलँडकडून वर चढताना पहिल्या ३८ किलोमीटरमध्ये मिळून साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. सरासरी काढली तर ७० मीटरला १ मीटर. पिट्सबर्गच्या बाजूने तर चढ त्याहून कमी, शेकडा एक सुद्धा नाही. सामान लादलेली सायकल घेऊन साठीतला माणूस गप्पा मारत चढू शकतो, एवढा.

ही लाईन वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची. डोंगराचा हा टप्पा १९१२ मध्ये पूर्ण झाला. चढ कमी ठेवायचा म्हणजे डोंगर फोडायचा आणि दऱ्या ओलांडायच्या, त्यामुळे कंपनीने पैसा ओतला. बिग सॅव्हेज नावाचा एक किलोमीटर लांबीचा बोगदा आणि कॅसलमन नदीच्या खोऱ्यावरचा ५८० मीटरचा सॉल्सबरी पूल त्यातूनच उभे राहिले. पुढे १९७० च्या दशकात ही कंपनी आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी एकाच मालकीखाली आल्या. मग एकाच खोऱ्यात दोन लाईन कशाला? १९७५ मध्ये ही बंद केली. दुसरीवरून आजही मालगाड्या धावतात.

खरी गोष्ट इथून सुरू होते.

रेल्वे बंद झाली की रुळाखालची जमीन कुणाची? आपल्याला वाटतं, रेल्वेचीच. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रेल्वेकडे मालकी नव्हतीच, फक्त गाडी नेण्याचा हक्क होता. गाडी थांबली की हक्क संपला आणि जमीन लगतच्या मालकांकडे गेली. एकाने तिथे कुंपण घातलं, दुसऱ्याने शेड बांधली, पुलाचं लोखंड भंगारात गेलं. दोनशे किलोमीटरच्या सलग पट्ट्याचे एकदा तुकडे पडले की तो परत जोडणं जवळपास अशक्य. डोंगरात तर विचारूच नका, तिथे दुसरी सपाट वाट नसतेच.

इथे नशीब असं की १९७८ मध्येच, लाईन बंद होऊन तीन वर्षांत, वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने कॉनेल्सव्हिल ते कॉन्फ्लुएन्स हा साधारण ४३ किलोमीटरचा पट्टा विकत घेतला. त्यातलाच ओहायोपाइल गावाजवळचा १४-१५ किलोमीटरचा तुकडा १९८६ मध्ये सायकलींसाठी उघडला. बाकीचा रस्ता जोडत जोडत पिट्सबर्गच्या टोकापर्यंत पोहोचायला २०१३ उजाडलं. शेवटचा छोटासा तुकडा अडला होता तो डोंगरात नाही, शहरात, एका वॉटर पार्कच्या शेजारी!

दरम्यान १९८३ मध्ये अमेरिकन संसदेने कायद्यात एक युक्ती बसवली. तिला म्हणतात रेलबँकिंग. बंद होणारी लाईन ‘सोडून दिली’ असं म्हणायचंच नाही, पुढे कधी रेल्वे लागली तर म्हणून ती राखून ठेवायची आणि तोवर तिच्यावर सायकली चालू द्यायच्या. लाईन सोडलीच नाही, तर जमीन परत जाण्याचा प्रश्नच नाही.

साहजिकच जमीनमालक चिडले. व्हर्मॉन्टमधलं एक दांपत्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण मालकांना सरकारकडे भरपाई मागता येईल, असंही सांगितलं. २०१४ मध्ये वायोमिंगच्या जंगलातल्या एका ट्रेलच्या खटल्यात मात्र न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी जमीनमालकाच्या बाजूने निकाल दिला. तिथली लाईन रेलबँकिंगमध्ये नव्हती, रीतसर सोडून दिलेली होती. रेल्वेचा हक्क तिथेच संपला, सरकारकडे काही उरलं नाही, असं न्यायालय म्हणालं. मालकांची बाजू अगदीच चुकीची नाही, हेही म्हणायला हवं. आजोबांनी रेल्वेला वाट दिली होती, घरामागून अनोळखी लोकांनी सायकली नेण्यासाठी नव्हे.

कंबरलँडला रस्ता संपतो, पण सायकल थांबत नाही. तिथून वॉशिंग्टनपर्यंत चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची जुनी वाट आहे, २९७ किलोमीटर. खेचरं या वाटेने चालत बोटी ओढायची. १९२४ च्या पुरानंतर कालवा बंद पडला आणि पुढे त्यावर मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याला पाठिंबा दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं, की आधी माझ्याबरोबर ही वाट चालून बघा. मार्च १९५४ मध्ये ते खरोखर निघाले. पूर्ण अंतर चालले ते मोजून नऊ जण. पण पेपरने भूमिका बदलली, आणि १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

दोन्ही मिळून ५४० किलोमीटर होतात. नातेवाईक पिट्सबर्गला असतील आणि तुम्ही कधी जाणार असाल, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. पिट्सबर्गकडून निघालात तर चढ इतका हळू येतो की कळतही नाही, आणि शेवटचे ३८ किलोमीटर नुसता उतार. उतार सुरू होतो तिथेच, ७२९ मीटर उंचीवर जलविभाजक लागतो. तिथे पडलेल्या पावसाचं एका बाजूचं पाणी चेसापीक उपसागरात जातं, दुसऱ्या बाजूचं थेट मेक्सिकोच्या आखातात. वाटेत यॉकिगेनी नावाची नदी सोबत करते, स्पेलिंग वाचून उच्चार कळेल अशी आशा ठेवू नका. फ्रॉस्टबर्ग गाव ट्रेलपासून वर चढावर आहे, जेवायला जायचं तर पाय ठेवून चढा.

कालव्याची वाट मातीची आहे, पावसानंतर चिखल होतो, तिथे रुंद टायर लागतात. आणि हिवाळ्यात जाऊ नका. बिग सॅव्हेज बोगद्यात झिरपणारं पाणी गोठून अस्तर फुटू नये म्हणून त्याची दोन्ही दारं साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बंद असतात.