आडवी सायकल, सरळ सौदा

आरामखुर्चीला पॅडल लावल्यासारखी दिसणारी रिकंबंट सायकल हौसेनं घेतली, स्वतःच्या मापाची करून घेतली आणि आता ती विकायचीय. तीही धाराशिवात! गिऱ्हाईक मिळेल का? मिळेल. फक्त शोधायचं कुठे आणि सांगायचं काय, हे कळायला हवं.

नोकरी हिंजवडीत आणि हौसेच्या वस्तू गावच्या घरी, असं बऱ्याच एमएच-२५ वाल्यांचं असतं. पुण्यातल्या भाड्याच्या वन-बीएचकेत कपाट मावत नाही, तिथे सहा-सात फुटी सायकल कुठे ठेवणार? २०२० च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी परतलेल्या कित्येकांना सायकलिंगचं वेड लागलं. मग ऑफिसं उघडली, मालक पुण्याला परतला आणि सायकल धाराशिवच्या ओसरीत राहिली. साधी गिअरची सायकल असेल तर टेन्शन नाही, शेजारचा कॉलेजकुमार आनंदानं घेऊन जातो. पण ती रिकंबंट असेल तर दर रविवारी आईचा फोन ठरलेला, "अरे, तुझी ती झोपायची सायकल कधी नेतोस? पापड वाळवायला जागा नाही राहिली!"

अशी सायकल विकणं म्हणजे जुना मोबाइल विकणं नव्हे. तिला गिऱ्हाइकं मोजकीच असतात. पण जो घेतो तो खरोखर वापरायला घेतो. म्हणून हा सौदा जरा वेगळ्या पद्धतीनं करावा लागतो.

ही चीज आहे तरी काय?

रिकंबंटवर आपण खोगिरावर नाही, तर पाठ टेकून सीटवर बसतो. पाय पुढे आणि पॅडलही पुढे. दोनचाकी असते तशी तीनचाकीही असते. तीनचाकीत पुढे दोन आणि मागे एक चाक असेल तर 'टॅडपोल', पुढे एक आणि मागे दोन असतील तर 'डेल्टा'. मनगटावर, मानेवर भार नाही, आणि शरीर खाली असल्यानं वारा कमी अडतो. सपाट रस्त्यावर समोरून वारा असला की हिची खरी मजा कळते.

हिचा इतिहासही भन्नाट आहे. फ्रान्समध्ये चार्ल्स मोशे नावाच्या माणसानं 'व्हेलोकार' बनवली. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या सायकलपटूनं ती चालवून एका तासात ४५.०५५ किमी अंतर कापलं आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किमीचा विक्रम मोडला. झालं! सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९३४ मध्ये नियमच असे केले की रिकंबंट अधिकृत शर्यतींतून बाद. मोठ्या शर्यती नाहीत, म्हणून मोठ्या कंपन्या फिरकल्या नाहीत. म्हणून आजही ती छोट्या वर्कशॉपमध्ये, कमी संख्येनं बनते आणि महाग पडते. वेगात मात्र कमी नाही. बंद कवचाच्या रिकंबंटवर टॉड रायकर्ट यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बॅटल माउंटनजवळच्या सपाट रस्त्यावर ताशी १४४.१७ किमी गाठले, तेही फक्त पायांच्या जोरावर!

कस्टमायझेशन: कमाई की घट?

विकणाऱ्याच्या डोक्यातली किंमत म्हणजे तीन आकड्यांची बेरीज. सायकलची मूळ किंमत, बाहेरून आणल्याचा शिपिंग आणि कस्टम्सचा खर्च, आणि स्वतःच्या सोयीसाठी केलेले फेरफार. यातला दुसरा आकडा थोडाफार परत मिळतो, कारण तीच सायकल घेणाऱ्यानं स्वतः मागवली तर त्यालाही तो खर्च चुकत नाही. गोची होते ती तिसऱ्या आकड्याची.

फेरफार दोन जातींचे असतात. पहिले सगळ्यांच्या उपयोगाचे, म्हणजे चढासाठी हलके गिअर, चांगले आरसे, मागचं कॅरिअर, दिवे, उंच झेंडा. यांनी किंमत टिकते. दुसरे फक्त तुमच्या शरीराच्या मापाचे, म्हणजे कापलेला बूम (पॅडल ज्यावर बसतं ती पुढची दांडी), आखूड क्रँक, तुमच्या पाठीच्या आकाराचा फोम. यावर तुम्ही कितीही पैसे ओतलेले असोत, तुमच्या मापाचा माणूस भेटला नाही तर घेणाऱ्याच्या दृष्टीनं तो पुढचा खर्च आहे. उलटा फेरफार करून घेण्याचा!

म्हणून पहिला फंडा, काढलेले मूळ पार्ट्स फेकू नका. मूळचे क्रँक, मूळची सीट, कापलेल्या बूमऐवजी लागणारा अख्खा बूम, यातलं जे असेल ते सोबत द्या. माळ्यावरच्या खोक्यात पडलेलं ते सामान सौदा तारून नेतं.

दुसरा फंडा, माप सांगा. रिकंबंटच्या दुनियेत उंचीपेक्षा 'एक्स-सीम' महत्त्वाचं. जमिनीवर भिंतीला पाठ आणि कंबर नीट टेकून बसा, पाय सरळ पसरा, आणि भिंतीपासून तळपायापर्यंतचं अंतर मोजा. तुमची सायकल किती ते किती एक्स-सीमला बसते, हे जाहिरातीत पहिल्याच ओळीत हवं. नाहीतर सोलापूरहून माणूस सत्तर किलोमीटर यायचा, आणि त्याचे पाय पॅडलला पोचायचे नाहीत.

तिसरा फंडा वेल्डिंगचा. फ्रेमवर काही जोडून घेतलं असेल तर ते लपवू नका. स्टीलच्या फ्रेमला चांगल्या कारागिरानं केलेलं वेल्डिंग टिकतं. अॅल्युमिनियमचं तसं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्या जागेची ताकद कमी होते आणि परत हीट ट्रीटमेंट केल्याशिवाय ती येत नाही. उतारावर ताशी पन्नासच्या वेगात ती जागा सुटली तर काय होईल, याचा विचार करा. हा भावाचा प्रश्न नाही, कुणाच्या तरी मानेचा आहे.

बॅटरी लावलीय?

मोटर किट बसवलं असेल तर एक नियम ठाऊक हवा. मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किमीच्या आत, या मुख्य अटी पाळल्या तरच ती नोंदणीविना चालते. त्यापुढे गेलात तर कायद्याच्या नजरेत ते मोटार वाहन. किटची खरी वॉटेज सांगा, आणि शक्य असेल तर किट काढून सायकल आणि किट वेगवेगळं विका.

धाराशिवचे रस्ते आणि तुमची सायकल

इथे चाललेल्या सायकलची तब्येत पुण्यातल्या सायकलपेक्षा वेगळी असते, आणि जाणकार गिऱ्हाईक तेच आधी विचारतो. हा बालाघाटाचा मुलूख. येडशीचा रामलिंग घाट असो की तुळजापूरहून सोलापूरकडे उतरणारा घाट, रिकंबंटवर चढताना पॅडलवर उभं राहता येत नाही. सगळा भार गुडघे आणि गिअरवर. उतरताना ब्रेकची कसोटी. त्यामुळे ब्रेक पॅड आणि मागचे मोठे दाते आधी तपासा.

चेनचंही तसंच. मागचं चाक पॅडलपासून लांब असल्यानं साध्या सायकलच्या अडीच-तीन चेन जोडाव्या लागतात, म्हणजे बदलायचा खर्चही तेवढाच पट. चेन किती झिजली ते साध्या पट्टीनं कळतं. नव्या चेनच्या बारा जोड्या बरोबर बारा इंच भरतात. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेनसोबत मागचे दातेही गेले समजा. उस्मानाबादी शेळी घेताना गिऱ्हाईक दात बघतं ना, तसंच हे!

टायरचं बघा. वीस इंची म्हणून विकले जाणारे टायर दोन वेगळ्या मापांचे असतात, ४०६ आणि ४५१. आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. ४०६ असेल तर बीएमएक्स आणि लहान मुलांच्या बऱ्याच सायकलींची ट्यूब चालते, गावातल्या दुकानात काम भागतं. ४५१ असेल तर एक-दोन टायर जादा द्या. बाभळीच्या काट्यांच्या जिल्ह्यात ही भेट सोन्याच्या मोलाची!

आणि झेंडा. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेजारून जातो, तेव्हा जमिनीलगतचा सायकलस्वार ड्रायव्हरला दिसतच नाही. उंच झेंडा आणि मागचा लखलखीत दिवा सायकलसोबतच द्या. त्याचे वेगळे पैसे मागू नका.

गिऱ्हाईक कोण?

एक, लांब पल्ल्याचे सायकलवाले. शर्यतींनी नाकारलं तरी 'ब्रेव्हे' राइड्समध्ये रिकंबंटला मज्जाव नाही. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांत फक्त माणसाच्या ताकदीवर चालणारी गाडी हवी, मग बसायची पद्धत कुठलीही असो. २०० किमीला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. भारतात ऑडॅक्स इंडियाशी जोडलेले क्लब पुणे, मुंबई, नाशिकमध्ये आहेत. तुमची जाहिरात तिथल्या ग्रुपवर गेली पाहिजे.

दोन, इंजिनीअरिंगचे विद्यार्थी. एसएई इंडियाची 'एफिसायकल' किंवा एएसएमईची ह्युमन पॉवर्ड व्हेइकल स्पर्धा, यांसाठी देशभरातल्या कॉलेजांच्या टीमनी पॅडलवर चालणाऱ्या गाड्या बनवल्यात. सोलापूर, लातूर, तुळजापूरच्या मेकॅनिकलवाल्यांना चालती गाडी उघडून बघायला मिळणं म्हणजे पर्वणी. बजेट कमी, पण उत्साह फुल्ल.

तीन, आणि याच गिऱ्हाइकाचा विचार फारसा कुणी करत नाही. ज्यांना तोल सांभाळता येत नाही, किंवा मनगट-मानेच्या दुखण्यामुळे साधी सायकल सुटली, अशी माणसं. तीनचाकीवर तोल सांभाळावा लागत नाही. गावात तीनचाकी रिकंबंट दिसली की लोक विचारतात, "ही दिव्यांगांची सायकल आहे का?" आपण हसण्यावारी नेतो. पण त्या प्रश्नातच तुमचं गिऱ्हाईक असू शकतं. फक्त त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. सीट खूप खाली असते, त्यामुळे बसता-उठताना गुडघ्यांवर ताण येतो. आणि आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. एक सौदा हुकला तरी चालेल, घरात पडून राहणारी वस्तू कुणाच्या गळ्यात मारू नका.

जाहिरात: नमुना घ्या, आकडे तुमचे टाका

"तीनचाकी रिकंबंट, टॅडपोल, क्रोमोली स्टील. एक्स-सीम ३९ ते ४३ इंच. बूम कापलेला, सहा फुटांवरच्यांना बसणार नाही. क्रँक १५५ मिमी, मूळचे १७० सोबत. पुढची चाकं ४०६. वापर ३,२०० किमी. चेन मागच्या वर्षी बदलली. डावा ब्रेक करकरतो. सीटखाली एक वेल्डिंग, फोटो पाहा. झेंडा, दिवे, दोन ट्यूब सोबत. सायकल धाराशिव (उस्मानाबाद) येथे, शनिवार-रविवार पाहता येईल."

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, पण सर्च करताना बरेच जण अजून जुनंच नाव टाकतात. म्हणून दोन्ही नावं हवीत. आणि करकरणारा ब्रेक लिहिला म्हणून गिऱ्हाईक पळत नाही. उलट बाकीचं खरं असणार, असं त्याला वाटतं.

भाव कसा ठरवायचा?

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, कारण दोघांनाही बाजारभाव ठाऊक असायचा. इथे बाजारभावच नाही. मग हिशेब असा करा. हेच मॉडेल आज मागवलं तर घरपोच कितीला पडेल? ती वरची मर्यादा. त्यातून झीज वजा, लगेच बदलायच्या पार्ट्सचा खर्च वजा, तुमच्या मापाचे फेरफार उलटवायचा खर्च वजा. उरलेला आकडा आवडला नाही तरी तोच खरा. हा हिशेब घेणाऱ्याला कागदावर दाखवा, घासाघीस आपोआप कमी होते.

टेस्ट राइड, पैसे, पाठवणी

दोनचाकी रिकंबंट पहिल्या दहा मिनिटांत जवळपास सगळ्यांनाच डगमगवते. म्हणून राइड रिकाम्या मैदानावर, हलक्या गिअरमध्ये, हेल्मेट घालून. आधी बूम त्याच्या मापाला लावून द्या. चुकीच्या मापावर चालवून बघितलेली सायकल विकली जात नाही.

ऑनलाइन गिऱ्हाईक असेल तर सावध. 'मी लष्करात आहे, न बघताच घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा' हा जुना फ्रॉड आहे. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, कधीच नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन.

सायकलला आरसी बुक नसतं, म्हणून साध्या कागदावर पावती करा. फ्रेम नंबर, दोघांची नावं, तारीख, रक्कम, केलेले फेरफार आणि दोघांच्या सह्या. उद्या सायकल चोरीला गेली किंवा वाद झाला, तर दोघांनाही हाच आधार.

बाहेरगावी पाठवायची असेल तर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आधी चौकशी करा, लहान स्टेशनावर सोय नसेल तर सोलापूर गाठा. सीट आणि बूम काढा, पण त्याआधी चेन कुठल्या पुलीवरून कशी जाते याचे फोटो काढून घेणाऱ्याला पाठवा. ती लांबलचक चेन पहिल्यांदा ओवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

सौदा झाल्यावर महिनाभर त्याचे फोन येतील. पुली का वाजतेय, बूम किती बाहेर काढू. फोन घ्या. जिल्ह्यात या सायकलचा दुसरा मेकॅनिक नाही, तुम्हीच आहात. आणि फोन येतायत याचा अर्थ एकच, सायकल ओसरीत नाही, रस्त्यावर आहे.