आप्रवासन कायद्याची अंमलबजावणी व घटक राज्यांचे पोलीस, अमेरिकेतील

परकीयांचा प्रवेश, वास्तव्य व हद्दपारी यांविषयीचे संघीय कायदे अंमलात आणताना स्थानिक पोलिसांनी संघशासनास किती साहाय्य करावे, हे ठरविणारे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक राज्यांचे कायदे. काही राज्ये कायद्याने असे साहाय्य मर्यादित करतात, तर काही ते सक्तीचे करतात. पहिल्या प्रकारच्या राज्यांना व शहरांना ‘सँक्चुअरी’ म्हणजे आश्रयस्थान म्हटले जाते. ही संज्ञा काहीशी दिशाभूल करणारी आहे. कारण तेथेही संघीय अधिकाऱ्यांना स्वतः अटक करण्यास मज्जाव नसतो, केवळ स्थानिक पोलिसांचे हात त्यांना उसने मिळत नाहीत.

आप्रवासन हा संघशासनाचा विषय असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्पष्ट केले. पोलीस यंत्रणा मात्र राज्यांची, शहरांची व काउंटींची आहे. भारतात संसदेच्या कायद्यांचे पालन व्हावे म्हणून केंद्र राज्यांना निर्देश देऊ शकते (अनुच्छेद २५६). अमेरिकेच्या संघशासनास तसा अधिकार नाही. याचे मूळ गुलामगिरीच्या वादापर्यंत जाते. पळून गेलेल्या गुलामांना परत करण्याचा १७९३ चा संघीय कायदा राबविण्याचे बंधन राज्यांच्या अधिकाऱ्यांवर नाही, असे मत प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया (१८४२) या खटल्यात व्यक्त झाले आणि त्याचा आधार घेऊन उत्तरेकडील काही राज्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना त्या कामी मनाई केली. पुढे प्रिंट्झ विरुद्ध संयुक्त संस्थाने (१९९७) या खटल्यात घटनेच्या दहाव्या दुरुस्तीचा (१७९१) हवाला देऊन न्यायालयाने ठरविले, की संघशासन राज्याच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामास जुंपू शकत नाही. हा खटला शेरीफांनी बंदूक-खरेदीदारांची चौकशी करण्याच्या सक्तीविरुद्ध लढविला होता. शस्त्रनियंत्रणाच्या विरोधकांनी मिळविलेले हे तत्त्वच पुढे आप्रवाशांच्या बाजूने कायदे करणाऱ्या राज्यांची मुख्य ढाल ठरले.

वादाचे खरे स्थान रस्त्यापेक्षा तुरुंगाच्या दारात आहे. अटक झालेल्या व्यक्तीच्या बोटांचे ठसे स्थानिक पोलीस संघीय गुन्हे अन्वेषण विभागाकडे पाठवितात. २००८ पासून टप्प्याटप्प्याने अंमलात आलेल्या योजनेनुसार तेथून ते आप्रवासन यंत्रणेकडे आपोआप जातात. हा प्रवाह राज्याच्या कायद्याने थांबत नाही. प्रश्न उरतो तो पुढचा : संबंधित व्यक्तीची सुटका केव्हा होणार हे कळवावे काय आणि तिला रोखून धरावे काय? ‘डिटेनर’ नावाच्या लेखी विनंतीद्वारे आप्रवासन अधिकारी अशा व्यक्तीस सुटकेच्या वेळेनंतर आणखी ४८ तासांपर्यंत ताब्यात ठेवण्यास सांगतात. या कागदावर न्यायाधीशाची नव्हे, तर अधिकाऱ्याची सही असते. शिवाय परवान्याविना वास्तव्य हा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा भंग होय, तो स्वतंत्रपणे फौजदारी गुन्हा नाही. एका संघीय अपील न्यायालयाने २०१४ मध्ये डिटेनर ही केवळ विनंती असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी ऑरेगन राज्यातील एका संघीय न्यायालयाने, जामीन भरण्याची तयारी असलेल्या स्त्रीला केवळ अशा विनंतीवरून अडकवून ठेवणाऱ्या काउंटीस घटनाभंगाबद्दल जबाबदार धरले. चुकीची भरपाई संघशासनास नव्हे, तर काउंटीस द्यावी लागणार, हे उमगताच अनेक शेरीफांनी डिटेनर मानणे बंद केले. मॅसॅचूसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१७ मध्ये राज्याच्या कायद्यात अशा अटकेस आधारच नसल्याचे सांगितले.

साहाय्य मर्यादित करणारा पहिला राज्यव्यापी कायदा ऑरेगनने १९८७ मध्ये केला. २०१८ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्याने पोलिसांना आप्रवासन-दर्जा विचारण्यास मनाई केली, परंतु गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांच्या बाबतीत साहाय्याची मुभा ठेवली. इलिनॉयचा त्याच वर्षीचा कायदा रिपब्लिकन राज्यपाल ब्रूस राउनर यांच्या सहीने झाला, हे लक्षणीय आहे. पोलिसांकडे जाणे म्हणजे हद्दपारी ओढवून घेणे, अशी समजूत झाल्यास फिर्यादी व साक्षीदार पुढे येणार नाहीत, असे या कायद्यांचे समर्थक म्हणतात. लॉस अँजेल्स पोलिसांनी १९७९ मध्येच या कारणासाठी दर्जाविषयीच्या चौकशीवर निर्बंध घातले होते. धोकादायक गुन्हेगार तुरुंगातून थेट संघीय ताब्यात जाण्याऐवजी रस्त्यावर येतात व त्यांना घरातून वा कामाच्या जागेवरून पकडणे सर्वांनाच जोखमीचे ठरते, हा विरोधकांचा आक्षेपही निराधार म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या कायद्यांत ॲरिझोनाचा २०१० चा कायदा गाजला. त्याच्या वादग्रस्त चार कलमांपैकी तीन सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली; अडविलेल्या व्यक्तीच्या दर्जाची वाजवी संशयावरून चौकशी करण्याचे कलम तेवढे टिकले. राज्याला संघशासनाची मदत करता येते, पण त्याच्या क्षेत्रात स्वतःचे आप्रवासन धोरण राबविता येत नाही, असा त्याचा आशय. टेक्ससच्या २०१७ च्या कायद्याने डिटेनर न मानणाऱ्या शेरीफांना दंड, फौजदारी कारवाई व पदच्युती अशा शिक्षा ठेवल्या. संघशासन राज्यास हुकूम देऊ शकत नसले, तरी राज्य आपल्या शहरांना देऊ शकते. त्यामुळे हा कायदा २०१८ मध्ये अपिलात बहुतांशी वैध ठरला.

स्थानिक अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देऊन आप्रवासनाचे अधिकार सोपविणारे करार १९९६ च्या संघीय कायद्याने शक्य झाले. पहिला करार फ्लॉरिडाने २००२ मध्ये केला. ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीचे शेरीफ जो आर्पायो यांचे कार्यालय लॅटिन वंशीयांना वेचून अडवीत असल्याचा निष्कर्ष संघीय न्यायालयाने २०१३ मध्ये काढला. गस्तीवरील पोलिसांना हे अधिकार देणारा करारांचा प्रकार त्याआधीच, २०१२ मध्ये बंद झाला होता. २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि त्या एका वर्षात सर्व प्रकारच्या करारांची संख्या हजारावर गेली. टेक्ससने त्याच वर्षी तुरुंग चालविणाऱ्या शेरीफांना असे करार सक्तीचे केले, तर इलिनॉयच्या कायद्यांविरुद्ध संघशासनाने दाखल केलेला दावा जुलै २०२५ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने दहाव्या दुरुस्तीच्या आधारे फेटाळला.